आप्पांना काही आठवत नाही

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलाला नाही, देवासमोर हात जोडले तेव्हाही नाही — तिथेही मी दुसरंच काहीतरी पुटपुटून उठते. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. तसं काही नाही, हे आत्ता लिहायला बसल्यावर कळतंय.

आधी घर सांगते. मग बाकीचं आपोआप येईल — की मी ते टाळतेय? टाळत असेन. तरी आधी घरच सांगते.

इथल्या चामराजपेटेत, कन्नड मुलखात, एका वठारात आमची एक खोली होती. एका अंगणाभोवती दहा खोल्या, सगळ्यांत मिळून एक नळ आणि दोन संडास. आई घरी बसून उदबत्त्या वळायची. आप्पा, म्हणजे माझे वडील, जवळच्या एका मंगल कार्यालयात मागच्या अंगाला वऱ्हाडासाठी पाणी तापवायचे. दोघांचेही हात काळे — आईचे कोळशाच्या लगद्याने, आप्पांचे काजळीने. ताटात भाकरी वाढताना आई आधी हात पदराला पुसायची, तरी भाकरीवर बोट उमटायचंच. मी आणि धाकटा सुरेश त्या बोटासकट खायचो. आषाढात, धनुर्मासात लग्नं नसायची. मग आप्पांच्या हंड्याखाली जाळ नाही आणि आमच्या चुलीलाही फारसं काम नाही. नाचणीची आंबील प्यायची, सकाळी आणि संध्याकाळी.

अशा घरातून मी बी.एस्सी. झाले. फर्स्ट क्लास. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि त्याचा मला अभिमान आहे. आजही आहे. टेलिफोन खात्यात कारकून म्हणून लागले, अधिकारी म्हणून निवृत्त झाले. कुणाच्या चिठ्ठीवर नाही. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे जे सांगणार आहे ते करणारी बाई दुबळी होती असं तुम्हाला वाटू नये. मी दुबळी नव्हते.

आप्पांचं सांगते.

आमचं मूळ गाव बेळगावकडच्या खानापूरच्या बाजूला, जंगलाच्या कडेचं. आप्पा तरुणपणी मुंबईला गेले आणि बंदराजवळ नौसैनिकांसाठी एक विश्रामघर होतं तिथे कामाला लागले. जहाज धक्क्याला लागलं की पोरं तिथे काही तासांसाठी यायची. ओळीने खाटा, कॅरम, पत्रं लिहायचं एक लांब टेबल, भिंतीवर चादर लावून दाखवलेला सिनेमा. पण पोरं आल्या आल्या या कशाकडेच जायची नाहीत. आधी न्हाणीघर! जहाजावर गोडं पाणी मोजून मिळायचं. अंगावर मिठाचे पापुद्रे, इंजिनखान्यातल्यांच्या अंगाला तेल. त्यांना हवं असायचं बादलीभर गोडं, गरम पाणी. ते आप्पांचं काम.

एकाहत्तरची लढाई लागली आणि ब्लॅकआउट सुरू झाला. अंधार पडायच्या आत सगळे जाळ विझवायचे, असा हुकूम. आणि पोरं यायची ती नेमकी अंधारात! मग आप्पांनी गावची युक्ती काढली. दुपारीच पाण्याला कढ आणायचे, पिंपांची तोंडं घट्ट बांधायचे आणि चारी बाजूंनी लाकडाच्या भुश्याची पोती रचायचे. पिंपं अशी गुंडाळली की पाणी मध्यरात्रीपर्यंत हात पोळेल इतकं गरम. मिट्ट काळोखात पोरं ओळीने उकिडवी बसायची आणि आप्पा चाचपत चाचपत, डोकं कुठे आहे ते हाताने बघून, तांब्याने पाणी ओतायचे. ओतायच्या आधी म्हणायचे, "डोळे मिटा रे पोरांनो." अख्ख्या मुलखातली पोरं ती, कुणाला मराठी येत होतं? पण तेवढे शब्द सगळ्यांना कळायचे.

ही गोष्ट आम्ही लहानपणी शंभरदा ऐकली. आम्हाला न्हाऊ घालताना ते तसंच म्हणायचे. आणि गोष्ट नेहमी एकाच जागी संपायची — एका रात्री पोरं अर्धी न्हालेली असताना जहाजावरून माणूस धावत आला, सगळ्यांना परत बोलावलं, आणि ती ओल्या अंगावर कपडे चढवून पळाली. "कोण परत आलं, कोण नाही, काय माहीत," आप्पा म्हणायचे. "तोंडं कुठे बघितलेली मी? दिवसा रस्त्यात भेटली तरी ओळखणार नाही."

लढाई संपली आणि जास्तीची म्हणून घेतलेली माणसं काढून टाकली. तिथला एक स्वयंपाकी चामराजपेटेचा होता, त्याच्या ओळखीने आप्पा आम्हाला घेऊन इथे आले. मंगल कार्यालयात लागले. पुन्हा पाणीच.

आता तुम्ही विचाराल, यात लाजण्यासारखं काय होतं? काहीच नव्हतं. पण मला लाज वाटायची. कॉलेजात पहिल्या वर्षी एका मैत्रिणीच्या बहिणीचं लग्न त्याच कार्यालयात झालं. मागच्या अंगाला हात धुवायला गेले तर आप्पा उघड्या अंगाने चुलीत लाकूड सारत होते. त्यांनी मला पाहिलं, माझ्यासोबतच्या मुली पाहिल्या — आणि हंड्याच्या पलीकडे सरकले. मला काही करावंच लागलं नाही. त्यांनीच केलं.

त्यानंतर आठवड्याभरातच वर्गात बाईंनी विचारलं, वडील काय करतात? मी म्हटलं, "नेव्हीत होते. एकाहत्तरच्या लढाईत." सहज निघालं तोंडातून. बाईंनी सगळ्या वर्गाला उठून टाळ्या वाजवायला लावल्या. तुम्ही कधी टाळ्या घेतल्यात, ज्या तुमच्या नव्हत्या? पहिल्यांदा कानशिलं तापतात. दुसऱ्यांदा नाही तापत.

त्या खोट्यावर मी एकही सवलत घेतली नाही, एकाही अर्जात ते लिहिलं नाही. म्हणून कितीतरी वर्षं मी स्वतःला सांगत आले की हे खोटं निरुपद्रवी आहे. कुणाचं काय गेलं?

लग्न ठरलं ते इथल्याच जुन्या मराठी घरात. ही माणसं तीनशे-साडेतीनशे वर्षं इथेच आहेत. मराठी बोलतात, त्यात निम्मी कन्नड. घरात दोन वकील, एक डॉक्टर आणि पूर्वज तलवार गाजवत आले त्याच्या कथा. पाहायला आले तेव्हा सासरे आप्पांना म्हणाले, "तुम्ही नेव्हीत होता म्हणे! बरंय, आमच्या घरात शिपाईगडी संपलेच होते." आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी पोह्यांच्या बशीकडे पाहिलं.

"बंदरावर होतो," आप्पा म्हणाले.

खरं तेच बोलले. पण त्या दिवसापासून त्यांनी ती गोष्ट सांगणं बंद केलं. भुश्याची पोती नाहीत, काळोख नाही, डोळे मिटा नाही. सासरी कुणी विचारलं तर हसून, "जुनी गोष्ट झाली ती," म्हणायचे. त्यांच्या आयुष्यात त्यांना अभिमान वाटेल असं एकच काम त्यांनी केलं होतं आणि मी ते त्यांच्या तोंडातून काढून घेतलं. माझ्या मुलाने, रोहनने, शाळेत 'माझे नौसैनिक आजोबा' असा निबंध लिहिला आणि त्यांनाच वाचून दाखवला. तोफा वगैरे होत्या त्यात. आप्पांनी सगळा ऐकला. म्हणाले, "अक्षर छान आहे हो तुझं."

इथेच थांबले असते तर हे लिहायला बसले असते का? नाही. आता ते सांगते.

आई गेल्यावर आप्पा आमच्याकडे हेब्बाळला राहायला आले. फ्लॅट मोठा, खाली बाग, गॅलरीतून तळं दिसायचं. सत्तरी ओलांडलेली, पण डोकं माझ्यापेक्षा तल्लख — गॅसचा नंबर कधी लावलाय ते त्यांना विचारायचं. त्या वर्षी पंधरा ऑगस्टला असोसिएशनने माजी सैनिकांचा सत्कार ठरवला. आमच्या ह्यांनी कौतुकाने आप्पांचं नाव दिलं. मला कळलं तेव्हा यादी लिफ्टमध्ये लागली होती.

चार दिवस आधी, दुपारी बेल वाजली. दारात एक उंच म्हातारा. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात काठी. पलीकडच्या इमारतीत लेकीकडे नुकतेच राहायला आलेले, पूवय्या नाव, कोडगूचे. माझ्याशी कन्नडमध्ये बोलले, मी मराठीत सांगते.

"अम्मा, यादीत तुमच्या वडिलांचं नाव वाचलं. जहाज कुठलं ते नाही लिहिलेलं. आम्हा म्हाताऱ्यांना जहाज कळलं की निम्मी ओळख तिथेच होते."

मी म्हटलं, "मला नीट माहीत नाही. ते बंदरावरच जास्त असायचे."

त्यांचा चेहरा असा उजळला! "बंदरावर? मग त्या विश्रामघरातला बंबवाला त्यांना ठाऊक असणार. बेळगावकडचा होता, नाव कुणालाच माहीत नाही. आम्ही त्याला 'बॉयलर' म्हणायचो. मी इंजिनखान्यातला ना, माझा बॉयलर जहाजावर आणि हा दुसरा जमिनीवर! हा जास्त चांगला, शिव्या देत नव्हता." हसले. मग म्हणाले, "किती वर्षं शोधतोय त्याला."

मी दाराची चौकट धरून उभी होते. आत, दहा पावलांवर, आप्पांच्या खोलीचं दार लोटलेलं. रेडिओ हळू चालू होता.

मी विचारलं — का विचारलं? — "चेहरा आठवतो का तुम्हाला?"

"चेहरा कुणी पाहिलाय अम्मा! दिवे कुठे होते? आवाज तेवढा. आवाज मात्र आजही हजारांत ओळखेन." आणि त्या म्हाताऱ्याने काठी काखेत धरली, हातात तांब्या असल्यासारखा हात वर केला आणि मोडक्या मराठीत म्हणाले, "डोळे मिट्टा रे पोरानो."

मी मागे वळून आप्पांच्या खोलीचं दार अजून लोटलेलं आहे ना ते पाहिलं.

ते बोलतच होते. त्या शेवटच्या रात्री त्यांच्यातले अकरा जण न्हालेले, मग बोलावणं आलं. अकरांतले दोघं परत आले नाहीत. "सुट्टी मिळाल्यावर मी त्या दोघांच्या घरी गेलो. आयांना काय सांगायचं? माझ्याजवळ सांगण्यासारखं एकच होतं. म्हटलं, जाताना तुमचा मुलगा गरम पाण्याने न्हाऊन गेला, कुणीतरी घरच्यासारखं डोक्यावरून पाणी घातलं त्याच्या. एक आई त्यावरच धरून बसली — न्हाला होता ना? नक्की न्हाला होता ना? हे त्या बंबवाल्याला कळायला नको का अम्मा? तुमच्या वडिलांना विचारतो, त्यांना त्याचा पत्ता ठाऊक असेल. स्वल्प पाच मिनिटंच बसतो." एक बूट त्यांनी काढलाही होता.

पाच मिनिटं. आप्पांनी बाहेर येऊन नुसतं "या, बसा" म्हटलं असतं तरी पुरलं असतं. आणि मग? लिफ्टमधली यादी, आमचे हे, सासरची माणसं, रोहनचा निबंध. मी हे सगळं त्या दारात उभ्या उभ्या मोजलं. गोंधळून गेले, तोंडातून काहीतरी निघून गेलं, असं मी म्हणणार नाही. मी मोजलं आणि मग बोलले.

"आप्पांना काही आठवत नाही," मी म्हटलं. "डिमेन्शिया आहे. माणसं ओळखत नाहीत. अनोळखी आवाज ऐकला की घाबरतात, ओरडतात."

हे ओरडणं मी का जोडलं? ते पुन्हा येऊ नयेत म्हणून. माझं खोटं नेहमीच नीटनेटकं असतं.

"अय्यो," ते म्हणाले. "सरी अम्मा, सरी. त्रास नको त्यांना." खाली वाकून बूट घालायला त्यांना बराच वेळ लागला. मी मदत केली नाही.

दार लावलं. आतून आप्पांचा आवाज, "कोण गं?"

"लिफ्टचा माणूस."

"चहा दिलास का त्याला?"

"दिला."

पंधरा ऑगस्टला आप्पांना मी खाली नेलं नाही. दमट हवा आहे, खोकला वाढेल, म्हटलं. त्यांच्या नावाची शाल मी घेतली. सगळे उभे राहिले. पूवय्या पहिल्या रांगेत होते.

पण आप्पा रोज संध्याकाळी बागेत जायचे, वॉचमनशी गप्पा मारायचे. बागेत पूवय्याही यायचे. सत्कारापर्यंत खोकल्याचं कारण पुरलं, नंतरचे दोन दिवस मी काही ना काही कारण काढून आप्पांना वरच थांबवलं. तिसऱ्या दिवशी म्हटलं, "आप्पा, सुरेशकडे जाऊन या ना. त्याची मुलं विचारतात तुम्हाला." सुरेश शहराबाहेर, होसकोट्याला कारखान्यात आहे. दोन खोल्यांचं भाड्याचं घर, बाहेर दिवसभर लॉऱ्यांची धूळ. आप्पांनी का म्हणून विचारलं नाही. पिशवी भरताना एवढंच विचारलं, "गोळ्या किती दिवसांच्या घेऊ?"

"महिन्याच्या घ्या," मी म्हटलं.

त्यांनी मोजून पिशवीत घातल्या. माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांना कळलं होतं का? काय कळलं होतं? ते मला कधीच समजणार नाही, आणि ज्याला विचारायचं त्यालाच मी घराबाहेर काढलं होतं.

महिना झाला, दोन झाले. मी गोळ्या पाठवत राहिले. रविवारी फोन करायचे तेव्हा ते म्हणायचे, "तिकडे तळ्यावर पक्षी आले असतील ना आता?" परत कधी येऊ, हे एकदाही नाही. सुरेश मात्र एकदा फोनवर बोलला, "अक्का, तुझ्या घरात जिवंत माणसाला जागा आहे, का नुसत्या शालीला?" मी त्याला झापलं. मोठी आहे ना मी. शिकलेली आहे ना.

सातव्या महिन्यात आप्पा गेले. हृदय. होसकोट्याच्या दवाखान्यात. मी पोहोचेपर्यंत संपलं होतं.

तेराव्यानंतर शेजारीपाजारी भेटायला येत होते. पूवय्याही आले, लेकीचा हात धरून. दिवाणखान्यात आप्पांच्या फोटोपुढे उभे राहिले. काठी लेकीच्या हातात दिली, पाठ ताठ केली — आणि सलाम केला. सहकाऱ्याला करतात तसा. हात कितीतरी वेळ खाली आला नाही. आमच्या ह्यांचे डोळे भरले, रोहनने मान खाली घातली. ज्याला ते आयुष्यभर शोधत होते, त्याच्यासमोर ते उभे होते, आणि ज्या कामासाठी शोधत होते त्यासाठी त्यांनी सलाम केला नव्हता. हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं.

तेव्हा तरी बोलता आलं असतं. आप्पा गेलेले, आता कुणाचं काय बिघडणार होतं? माझं बिघडणार होतं. एवढंच.

खाली बसल्यावर ते मला म्हणाले, "तुमचे वडील शुद्धीवर असते तर त्या बेळगाववाल्याचा काहीतरी पत्ता लागला असता. आता नाही लागायचा."

"हो ना," मी म्हटलं. आणि त्यांना चहा दिला.

पुढच्या वर्षी ते कोडगूला गेले आणि तिकडेच वारले. लेकीने सांगितलं. मला दुःख झालं असं मी लिहिणार होते, दोनदा लिहिलं आणि खोडलं. मला हलकं वाटलं. आवाज ओळखणारा आता कुणी उरला नव्हता.

दोन आयांना त्या पाण्याचा आधार होता, हे आप्पांना कळायचं होतं. ते दारापर्यंत आलं होतं. मी ते दारातून परत पाठवलं.

आमचे हे आजही पाहुण्यांना सांगतात की सासरे लढाईत होते. रोहनची मुलगी तीन वर्षांची आहे, ती फोटोकडे पाहून छोटासा सलाम करते आणि सगळे हसतात. मीही हसते. सुरेशला नेव्हीचं खोटं ठाऊक आहे, पण तो आमच्याकडे येतच नाही. दारातलं कुणालाच कळलं नाही. मला जे झाकायचं होतं ते पुरतं झाकलं गेलं.